ड्रम सॉफ्टवेअर घेण्याआधी ऑक्टोपॅडवाला गाठा

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांकडून मला एक प्रश्न सारखा येतो, ड्रमसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, ईझीड्रमर घेऊ का ॲडिक्टिव्ह ड्रम्स, फुकटातलं चालेल का, लॅपटॉप झेपेल का. माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे. आधी सांग, तुझ्या ओळखीत ऑक्टोपॅड, म्हणजे ते आठ पॅडचं काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवणारा कोण आहे? समोरचा जरा थांबतो, कारण त्याला किंमत आणि डिस्काउंट ऐकायचं असतं आणि मी माणूस विचारतोय. पण मला खरंच असं वाटतं की नाशिकमध्ये बसून चांगले ड्रम रेकॉर्ड करायचे असतील तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे, गल्लोगल्ली आहे, आणि आपण तिच्याकडे बघतच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं असतं काय ते आधी सांगतो. स्टुडिओत खरा ड्रम किट मांडून, प्रत्येक ड्रमवर हळू, मध्यम, जोरात असे कितीतरी ठोके मारून ते वेगवेगळ्या माइकवर रेकॉर्ड केलेले असतात. तुम्ही एक नोट पाठवली की तिच्या जोरानुसार, म्हणजे वेलॉसिटीनुसार, त्यातला एक ठोका वाजतो. वेलॉसिटी १ ते १२७. त्याच जोराचा ठोका परत आला तर चांगलं सॉफ्टवेअर मुद्दाम दुसरं रेकॉर्डिंग वाजवतं, त्याला राउंड रॉबिन म्हणतात, म्हणजे मशीनगनसारखा तोच तो आवाज येत नाही. सुपीरियर ड्रमर ३ मध्ये असले आवाज २३० जीबीच्या वर आहेत, बेल्जियमच्या गॅलेक्सी स्टुडिओत जॉर्ज मासेनबर्गसारख्या इंजिनियरने रेकॉर्ड केलेले. म्हणजे आवाज खरा आहे, त्यात शंकाच नाही. आणि खरा आवाज काही आजची गोष्ट पण नाही, १९८० मध्ये रॉजर लिनचं एलएम-१ आलं तेव्हापासून मशीनमध्ये खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले ठोके आहेत.

मग घरी केलेले ड्रम खोटे का वाटतात? कारण आपण ते माउसने काढतो. ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या मात्रांच्या चौकटीत, एक-एक चौकोन भरत जायचं, किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), स्नेअर (काठीने वाजतो तो कडक आवाजाचा), किक, स्नेअर, हाय-हॅट (झांजांची जोडी) सगळ्या आठव्या मात्रांवर, सगळ्यांची वेलॉसिटी १००, आणि मग तो दोन बारचा तुकडा कॉपी करून अख्ख्या गाण्यात पसरवायचा. २३० जीबीमधले बहुतेक आवाज मग कधी वाजतच नाहीत, कारण १०० च्या खाली-वर कुणी गेलंच नाही. इतक्या मेहनतीने रेकॉर्ड केलेले हळू ठोके तिथे पडून राहतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता ऑक्टोपॅडचं. आपल्याकडे हळदीला, ऑर्केस्ट्राला, बँजो पार्टीला, गणपतीच्या कार्यक्रमाला ऑक्टोपॅड असतोच. सिडकोत, पंचवटीत, नाशिकरोडला, कुठेही विचारा, दोन-चार घरं सोडून कुणीतरी वाजवणारा निघतोच, दिवसा अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कंपनीत शिफ्ट आणि लग्नसराईत रात्री कार्यक्रम. या लोकांचे हात काय तयार असतात राव! गायक मध्येच अंतरा सोडून मुखड्यावर आला तरी हे पुढच्या मात्रेला त्याच्यासोबत असतात. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते, रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड, १९८५ चा पॅड-८, त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅड, आणि मागून मिडी केबल, बस. मिडी म्हणजे आवाज नाही, कुठली नोट किती जोरात वाजली एवढाच निरोप. मिडी १९८३ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत हे वाद्य आलं ते दुसऱ्या मशीनचे आवाज काठीने वाजवायला म्हणूनच आलं. म्हणजे मी जे सांगतोय ते काही जुगाड नाहीये, ऑक्टोपॅडचं मूळ काम हेच आहे, आपणच ते विसरून त्याला लग्नात बसवलं.

जोडणं सोपं आहे. रोलंडचा एसपीडी-३० असेल तर यूएसबीने थेट लॅपटॉपला लागतो. जुना एसपीडी-२० असेल तर मागे पाच पिनचा गोल मिडी आउट असतो, तो ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक-गिटार लॅपटॉपला जोडायच्या डब्याच्या, मिडी इनला लावायचा. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ ला मिडीचं पोर्ट नाहीये, ४आय४ ला आहे, तेव्हा २आय२ वाल्यांनी यूएसबी-मिडी केबल वेगळी घ्यावी, आणि अगदी स्वस्तातली घेऊ नये, त्यातल्या काही केबल फास्ट रोल वाजवला की नोटा खातात. मग ऑक्टोपॅडमध्ये जाऊन प्रत्येक पॅडचा नोट नंबर बघायचा. जनरल मिडीच्या यादीत किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पेडल हॅट ४४, उघडी हॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१. आकडेच लक्षात ठेवा, कारण त्याच ३६ ला कुठला प्रोग्रॅम सी१ दाखवतो आणि कुठला सी२. किक-स्नेअर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याच नंबरवर सापडतात, घोळ होतो तो हाय-हॅटला, कारण अर्धवट उघड्या हॅटचे पाच-सहा आवाज प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने कुठेतरी ठेवलेत. त्याला वेळ द्या, एकदा बसलं की सेव्ह करून टाका.

माझा जो मित्र येतो तो ऑक्टोपॅड मांडीएवढ्या उंचीच्या स्टँडवर लावतो, खाली जाड सतरंजी आणि तिच्याखाली फोम, कारण रबरावर काठी पडते तो टकटक आवाज खालच्या फ्लॅटमध्ये बरोबर जातो. माइक लागत नाही, त्यामुळे बाहेर रिक्षा वाजो, कुत्री भुंको, काही फरक पडत नाही, आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं सुख आहे ते ज्याने गिटार माइक लावून रेकॉर्ड केलीये त्यालाच विचारा. तो ऑर्केस्ट्राच्या पद्धतीने वाजवतो, म्हणजे किकसुद्धा हातानेच, खालच्या पॅडवर. आता यात एक अडचण आहे जी समजून घेतली पाहिजे. ड्रमर दोन हात दोन पाय वापरतो, हा फक्त दोन हात. किक आणि हॅट एकत्र आले की दोन्ही हात अडकतात, स्नेअरवरचे बारीक ठोके सुटतात. म्हणून आम्ही दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत किक आणि स्नेअर, गाण्याबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. मग रीपरमध्ये, म्हणजे मी वापरतो त्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये, रेकॉर्ड मोड मिडी ओव्हरडबवर टाकायचा आणि त्याच ट्रॅकवर दुसऱ्या फेरीत हॅट, राइड, क्रॅश. मागच्या ट्रिगर इनपुटला किक पेडल लावता आला तर उत्तमच, पण पायाची सवय नसलेल्या माणसाला पेडल दिला तर हाताची पण लय जाते, हातानेच वाजवू द्या.

सलग वाजवणं यावर माझा फार जोर आहे. दोन बार चांगले आले, आता कॉपी करू, असं अजिबात करायचं नाही. माणूस मुखड्यात एक वाजवतो, दुसऱ्यांदा मुखडा आला की नकळत जरा मोकळा वाजवतो, शेवटच्या अंतऱ्याला हॅट थोडी उघडते, हे त्याला सांगावं लागत नाही, ते गाणं ऐकून होतं. एका रेकॉर्डिंगनंतर मी पियानो रोल (नोटा आणि त्यांचा जोर दाखवणारी खिडकी) उघडून त्याच्या हाय-हॅटचे ठोके नीट बघितले, साधारण असे होते, ९४, ५८, ८१, ६२, ९७, ५५, ८६, ७३. मोठा, छोटा, मध्यम, छोटा, आणि शेवटचा ७३ का, तर पुढच्या बारकडे जाताना हात आपोआप वर येतो. हे मी माउसने बसून कधीच काढलं नसतं. ह्युमनाइझचं बटण असतं, पण ते नुसते आकडे इकडे-तिकडे हलवतं, त्याला पुढचा बार येतोय हे कुठे माहितीये!

त्याला पैसे द्या, हे इथेच सांगून टाकतो. ओळखीचा आहे, चहा-मिसळवर भागेल, असं नाही चालत. कार्यक्रमाला जसं मानधन ठरतं तसं ठरवा, आणि गाणं टाकताना ड्रम्सच्या पुढे त्याचं नाव लिहा.

लेटन्सीवर लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर. काठी पडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंत जो उशीर होतो तो मुख्यतः बफर साइजवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो त्यावर, असतो. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ ३ मिलीसेकंद, २५६ म्हणजे ६, ५१२ म्हणजे साडेअकरा, १०२४ म्हणजे २३. त्यात ड्रायव्हर आणि इंटरफेसचे थोडे वरून. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर वापरा, तोच नसेल तर असिओफोरऑल. १२८ ला लॅपटॉप चटचट करायला लागला तर बाकीचे ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे त्यांचा तयार ऑडिओ करून ठेवा. तुलनेसाठी, हवेतून आवाज एका सेकंदात ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला २९ मिलीसेकंद. विसर्जन मिरवणुकीत ताशा पुढे आणि शेवटची ढोलांची रांग मागे, तेव्हा मागच्यांना ताशा एवढा उशिरा ऐकू येतो आणि तरी चांगलं पथक घट्ट वाजतं, कारण ते कानाबरोबर पुढच्या टिपरूच्या, म्हणजे ढोलाच्या काठीच्या, हालचालीकडे बघून वाजवतात. हेडफोन घातलेल्या माणसाला बघायला काही नसतं, म्हणून त्याला दहा-बारा मिलीसेकंदसुद्धा जड जातात.

यावर एक रामबाण उपाय आहे. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअरचा आवाज त्याला ऐकवायचाच नाही. ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज, जो त्याला वर्षानुवर्षं सवयीचा आहे, तो आणि गाणं असं मिसळून हेडफोनला द्या. उशीर जवळजवळ शून्य. मिडी तर रेकॉर्ड होतेच आहे, आवाज नंतर पाहिजे तो लावा. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना तर मी हेच सांगतो, बफर १०२४ असला तरी चालतं, फक्त गाणं त्याला बरोबर वेळेला मिळतंय ना तेवढं बघा. बहुतेक प्रोग्रॅम गाण्याचा उशीर स्वतः धरून नोटा मागे सरकवतात, तरी पहिल्या चार ठोक्यांना क्लिकबरोबर झूम करून बघून घ्या.

दुसरी अडचण जोराची. स्टेजवरची माणसं जोरात मारतात, मारावंच लागतं, बाजूला कीबोर्ड, मॉनिटर, समोर पब्लिक. घरी पण तोच हात पडतो आणि सगळ्या वेलॉसिटी ११५ ते १२७ मध्ये कोंबल्या जातात, मग परत सगळा किट ओरडतो. त्याला हळू वाजव म्हणू नका, त्याचा हात बिघडेल. ऑक्टोपॅडमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि सॉफ्टवेअरमध्ये वेलॉसिटी कर्व्ह वाकवा, असा की मधला हात ८०-९० वर पडेल आणि १२७ फक्त खरा दणका बसला तरच येईल. एकाच ठोक्याच्या दोन नोटा येत असतील किंवा स्नेअर मारला की शेजारचा टॉम बारीक वाजत असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोरापासून ठोका धरायचा ती मर्यादा, थोडा वाढवा. पण फार वाढवलात तर स्नेअरचे ते बारीक बारीक ठोके, घोस्ट नोट्स, गायब होतात आणि सगळी मजा तर त्यातच आहे, म्हणून थोडं थोडं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी त्याला अगदी हळू वाजवायला लावून बघा.

आता क्वांटाइझ, म्हणजे वाजवलेले ठोके ग्रिडच्या रेषांवर ओढून बसवणं. पोरं रेकॉर्ड झालं रे झालं की सगळं सिलेक्ट करतात आणि शंभर टक्के क्वांटाइझ मारतात, आणि माझ्या पोटात कालवाकालव होते. १०० च्या टेम्पोला (मिनिटाला १०० ठोके) सोळावी मात्रा, म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग, १५० मिलीसेकंदांची असते. माझ्या मित्राचा स्नेअर संथ गाण्यात ग्रिडच्या दहा-पंधरा मिलीसेकंद मागे पडतो, दरवेळी, ठरवून टाकल्यासारखा. ती चूक नाहीये, त्यामुळेच गाणं आरामात चालल्यासारखं वाटतं. क्वांटाइझ केलं की ते पंधरा मिलीसेकंद गेले, म्हणजे तो माणूसच गेला. खरोखर चुकलेला ठोका हाताने सरकवा, फार वाटलं तर स्ट्रेंग्थ ४०-५० टक्के ठेवा. आणि आपल्या चालींचं वेगळंच आहे. सहा मात्रांच्या दादऱ्याचं गाणं असेल तर प्रोजेक्टच ६/८ मध्ये करा, चार-चारच्या ग्रिडमध्ये कोंबू नका. ढोलकीच्या अंगाने जाणारा केरवा तर सरळ सोळाव्या मात्रेवरही नसतो आणि ट्रिपलेटवरही (एका ठोक्याचे तीन सारखे भाग) नसतो, मध्येच कुठेतरी झुलतो, त्याला ग्रिडवर ओढलं की तो बँडवाल्या कवायतीसारखा होतो. अशा गाण्याला क्वांटाइझच्या बटणाकडे जायचंच नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, तर हा प्रश्न आता घेऊ, कारण आता त्याला अर्थ आहे. सुरुवात फुकटातल्यावर करा. एमटी पॉवर ड्रम किट २ हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं, रॉकला तयार आवाज देतं. स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ ची फ्री आवृत्ती जरा भारदस्त आहे आणि मला जास्त आवडते. लिनक्सवाल्यांना ड्रमगिझमो आहे. मॅकवर गॅरेजबँड असेल तर त्यात ड्रमर आधीच आहे, पण तो स्वतः वाजवतो, आपल्याला माणूस वाजवायचाय. पैसे घालायचे असतील तर ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ नाहीतर ईझीड्रमर ३. ईझीड्रमर ३ मध्ये तुमची गिटारची ऑडिओ फाइल टाकली की तिला जुळणारे ग्रूव्ह सुचवतो, ऑक्टोपॅडवाला येण्याआधी गायकाला अंदाज यावा म्हणून याचा फार उपयोग होतो. सुपीरियर ड्रमर घाईने घेऊ नका, त्याला एसएसडीवर जागा आणि ऐकायला चांगली खोली लागते. डॉ (DAW), म्हणजे रेकॉर्डिंगचा मुख्य प्रोग्रॅम, म्हणून मी रीपर वापरतो, ६० दिवस पूर्ण चालतो, लायसन्स परवडणारं आहे. क्युबेस, स्टुडिओ वन, एफएल, ज्यात तुमचा हात बसलाय ते ठेवा, मिडी सगळीकडे तीच.

मिक्सबद्दल एवढंच, ड्रमचा एकच स्टिरिओ ट्रॅक घेऊ नका, मल्टि-आउट चालू करून किक, स्नेअर, ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक), रूम (खोलीतले लांबचे माइक) वेगळे काढा, आणि आधी फक्त ओव्हरहेड वर करून अख्खा किट त्यातच चांगला वाटतोय का ते ऐका. मग बाकीचे हळूहळू वर आणा. स्नेअरला रिव्हर्ब लावायचा मोह होतो तेव्हा आधी रूमचा फेडर वर करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच होतं.

ऑक्टोपॅडवाला मिळालाच नाही तर साध्या मिडी कीबोर्डवर दोन बोटांनी वाजवा, तर्जनीने किक, दुसऱ्या हाताने स्नेअर, हॅट दुसऱ्या फेरीत. कीबोर्डच्या पट्ट्यांवर हळू-जोरात चांगलं येतं. एमपीके मिनीसारख्या छोट्या पॅडवर बोटाने जोर आवरणं मला तरी अवघड वाटतं.

आणि आता जे माझ्या जवळचं आहे, ढोल. नाशिकच्या माणसाने घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ढोल यावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो बाहेरच्या कुठल्या लायब्ररीत आयता शोधू नये. स्वारप्लगसारख्या भारतीय वाद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तबला, ढोलक छान मिळतात, पण आपल्या पथकातला ढोल, ज्याच्या एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, त्याचा दणका छातीत बसतो तसा मला अजून तयार सापडला नाही. म्हणून स्वतःच करायचा. गणपतीच्या आधी मोकळ्या मैदानांवर पथकांचे सराव चालतात, पथकप्रमुखाला भेटा, नीट सांगा, सराव सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मागून घ्या. पाच-सहा वेगवेगळे ढोल, प्रत्येकावर टिपरूचा ठोका हळूपासून जोरात, मग थाप, मग काठावरचा ठोका, प्रत्येक प्रकार चार-पाच वेळा, आणि प्रत्येक ठोक्यानंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी गप्प. रेकॉर्डर दोन-अडीच मीटर लांब, गेन खाली, कारण जोराचा ठोका फाटला की तो नंतर दुरुस्त होत नाही. दोरी नुकतीच ओढलेला ढोल आणि तासभर वाजून सैल पडलेला ढोल यांचा सूर वेगळा लागतो, दोन्ही घेऊन ठेवा.

घरी येऊन ते तुकडे कापायचे आणि सिटालामध्ये, ते फुकट आहे आणि त्यात १६ पॅड आहेत, नाहीतर रीपरच्या रीसॅम्पलोमॅटिक५००० मध्ये टाकायचे. मग ऑक्टोपॅड जोडला की तोच मित्र तुमचाच ढोल वाजवणार. तीस ढोलांचं पथक पाहिजे असेल तर एकच रेकॉर्डिंग तीस वेळा कॉपी करून काही होत नाही, आवाज फक्त मोठा होतो, ढोल एकच राहतो. त्याला परत परत वाजवायला लावा, दरवेळी वेगळ्या ढोलाचे सॅम्पल लावून, पाच-सहा फेऱ्या, डावी-उजवीकडे पसरवून, मागच्या रांगेतल्यांना वीस-पंचवीस मिलीसेकंद उशीर देऊन आणि थोडा वरचा ट्रेबल कापून. दोन फेऱ्यांनंतर गर्दी व्हायला लागते आणि चौथ्या-पाचव्या फेरीला अख्खं पथक उभं राहतं.

ताशाचं काम माझं अजून चालू आहे. ताशाच्या काड्यांची तर्री इतकी जलद असते की सुटे ठोके जोडून ती बनत नाही, म्हणून ती मी सलग रेकॉर्ड करून, वेगवेगळ्या टेम्पोचे तुकडे ठेवून बघतोय. कुणी नाशिकमध्ये यावर काम केलं असेल तर मला नक्की सांगा, आणि माझे ढोलाचे ठोके कुणाला हवे असतील तर मागा, पथकाला विचारून देतो.